आगटीभोवती साहेबही, मामाही

तहसील, पंचायत समिती, बँक, पतसंस्था, शाळा, दवाखाना, एसटीचं आगार, साखर कारखाना. बीड जिल्ह्याच्या 11 तालुक्यांत नोकरी करणारी बहुतेक माणसं यांपैकी कुठेतरी आहेत. आणि यांतल्या बहुतेक ठिकाणी वर्षातून एकदा स्नेहमेळावा होतो. मंगल कार्यालय ठरतं, केटरर ठरतो, हार-शाली येतात, भाषणं होतात, जेवण होतं आणि संध्याकाळपर्यंत फोटो ग्रुपवर पडतात. त्यात वाईट काही नाही. पण वर्षभर ज्या रांगेत बसलो त्याच रांगेत माणसं इथेही बसतात. साहेब सोफ्यावर, कर्मचारी खुर्च्यांवर आणि शिपाई मामा पाण्याच्या जारपाशी. बाई कर्मचारी असतील तर रांगोळी आणि ओवाळणं त्यांच्याकडे, हे कुणी न सांगता ठरलेलं.

सोबत काम करणाऱ्यांची खरी ओळख व्हायची असेल तर हुद्दा तीन-चार तास तरी बाजूला राहील असा बेत हवा. भाषणात 'आपण सगळे एक कुटुंब' म्हटल्याने तो बाजूला होत नाही. प्रत्येकाच्या हाताला रोजच्यापेक्षा वेगळं काम मिळालं, आणि ज्याला ते काम येतं त्याचं ऐकावं लागलं, की आपोआप होतो. आपल्याकडच्या सणांत आणि हंगामांत असं हातांचं काम भरपूर आहे. त्यासाठी बाहेरून खेळ घेणारा माणूस बोलावायची गरज नाही.

सुरुवात हुरड्यापासून करावी, कारण त्याला तोड नाही.

हुरड्याचा काळ साधारण डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीअखेरपर्यंत. पण एका शेताचा हुरडा आठवडाभरच, फार तर दहा दिवस चांगला लागतो. दाण्यात नुसतं दूध असेल तर तो पाणचट, आणि दाणा टणक झाला की संपलं. म्हणून रविवार ठरवून मग शेत शोधायला निघू नका. आधी शेत ठरवा आणि तारीख शेतकऱ्याला सांगू द्या. पेरणीपासून तीन-सव्वातीन महिन्यांनी कणीस हुरड्यात येतं, तेव्हा पेरा कधीचा हे विचारलं तरी अंदाज येतो. मालदांडी ज्वारीचाही हुरडा होतो, पण खास हुरड्याची सुरती किंवा गूळभेंडी कुणी लावली असेल तर तिथेच जा. गोडीही जास्त आणि दाणा भोंडापासून सहज सुटतो. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा 'फुले मधुर' हा वाणही खास हुरड्यासाठीच काढलेला आहे.

शेत कुणाचं असावं? पैसे भरून जायची हुरडा-केंद्रं आता रस्त्यारस्त्याला झाली आहेत. तिथे झोका असतो, बैलगाडी असते, सगळं आयतं असतं. नेमकं ते आयतंच आपल्याला नको आहे. तुमच्या कार्यालयात बघा, ज्याच्या घरी रब्बीची ज्वारी उभी आहे असा माणूस बहुधा चालक, शिपाई, परिचर किंवा कनिष्ठ लिपिक असतो. त्याच्या शेतात गेलं की तो यजमान होतो. बांध कुठून ओलांडायचा, कोणतं कणीस मोडायचं, सावली कुठे आहे, हे सगळं त्याला विचारावं लागतं. वर्षभर ज्यांच्या केबिनमध्ये तो हाक आली की जातो, ते त्याच्या रानात त्याच्या मागे चालतात. पुढच्या सोमवारी कार्यालयातली हाक थोडी बदललेली असते, हे मी पुन्हापुन्हा पाहिलं आहे.

मात्र यजमान म्हणजे फुकटातला माणूस नाही. मोडलेलं प्रत्येक कणीस त्याच्या घरचं धान्य असतं. तो म्हणणारच, "साहेब, घरचंच आहे, पैसे कसले." तेव्हा हे बोलणं आधीच, एकट्यात आणि स्पष्ट व्हावं. कणसांची, गोवऱ्यांची, सरपणाची रक्कम वर्गणीतून आदल्या दिवशी त्याच्या हातात द्या. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. 40 माणसांच्या भाकरी त्याच्या आईने आणि बायकोने थापायच्या, असा बेत करू नका. तसं झालं तर एका घराच्या कष्टांवर बाकीच्यांची सहल होते. हुरड्याने पोट लवकर भरतं, त्यावर मोठं जेवण जातच नाही. आपापल्या घरून भाकरी, वांग्याची भाजी आणि दही-ताक आणलं तर उरतं.

चटण्यांची यादी आधी करा, नाहीतर दहा डबे शेंगदाण्याच्या चटणीचे येतात. लसणाची, कारळाची, जवसाची, तिळाची, प्रत्येक एकेका घरातून. कुणी गूळ, कुणी बोरं, कुणी पेरू, कुणी ऊस. हरभरा घाट्यांवर असेल तर त्याचा हुळाही भाजा. स्वयंपाक न येणाऱ्या, खोली करून राहणाऱ्या पोरांना बोरं आणि मीठ सांगा. कुणीच रिकाम्या हाताने येऊ नये आणि कुणावर ओझंही पडू नये.

आता कामं. ती चिठ्ठ्यांनी वाटा. आगटीचा खड्डा काढणं, गोवऱ्या रचून विस्तव पाडणं, कणसं मोडून आणणं, निखाऱ्यात भाजणं, गरम कणीस चोळणं, सुपात पाखडणं, पळसाच्या पानांवर वाढणं. साहेबांना चोळायची चिठ्ठी आली तर साहेबांनी चोळावं. गरम कणीस नुसत्या हाताने चोळायचा सराव नसतो, तेव्हा जाड कापड किंवा पोत्याचा तुकडा जवळ ठेवा. पाखडणं दिसतं तितकं सोपं नाही. ज्या बाईंना ते येतं त्या शिकवतील, आणि मुख्याध्यापक त्यांच्याकडून शिकतील. भोंडं उडून अंगावर येतात, हसू होतं, आणि त्या हसण्यात नवा-जुना, कायम-कंत्राटी सगळे असतात.

माईक नेऊ नका. आगटीभोवती कोंडाळं करून बसलं की गप्पा आपोआप लागतात. फारच गप्पगप्प वाटलं तर एकच विषय काढा, नोकरीवर रुजू झालो तो पहिला दिवस. प्रत्येकाला सांगण्यासारखं काहीतरी असतं आणि कुणाला कमीपणा येत नाही. पगार, जमीन, मुलांचे गुण हे विषय मात्र टाळावेत. मग विटीदांडू, लगोरी, पतंग. संघ पाडताना एका टेबलाची माणसं एका बाजूला जाऊ देऊ नका, चिठ्ठ्याच टाका.

काही गोष्टी कुणी विचारत नाही म्हणून सांगतो. शेताजवळ बायकांसाठी स्वच्छतागृहाची सोय आहे का? वस्तीवर असेल तर तिथल्या घरच्यांना आधी विचारून ठेवा. ही सोय नसते म्हणून कितीतरी बाई कर्मचारी 'घरी काम आहे' म्हणून येतच नाहीत, आणि लोकांना वाटतं त्यांना हौस नाही. वाळलं गवत आणि कडब्याची गंज यांपासून आगटी लांब, वाऱ्याची दिशा बघून, शेजारी पाण्याच्या दोन बादल्या, आणि निघताना विस्तवावर पाणी. दुचाकीवर येणाऱ्यांनी अंधाराआधी परतावं. ऊस वाहतुकीचे ट्रॅक्टर-ट्रॉल्या याच दिवसांत रस्त्यावर असतात आणि अनेकांना मागचा दिवा नसतो. आणि दारू नको. गाडीमागे बाटली निघाली की त्या वर्षीचा हुरडा तिथेच संपतो. पुढच्या वर्षी बायका येत नाहीत आणि मग ती मोजक्या पुरुषांची बैठक उरते. हे आधीच, सगळ्यांसमोर, प्रमुखानेच सांगितलेलं बरं.

हुरड्याच्या आगेमागेच वेळा अमावस्या, म्हणजेच येळवस, येते. अंबाजोगाई, परळी, केज हा लातूरला लागून असलेला पट्टा येळवस मनापासून करतो. मार्गशीर्ष अमावस्येला घरंच्या घरं रानात जातात. कडब्याची खोप उभी राहते, पांडवांची आणि लक्ष्मीची पूजा होते, आंबील शिंपलं जातं. मग भज्जी, उंडे, गव्हाची खीर, धपाटे, आणि त्यावर आंबील. ही भज्जी म्हणजे तेलात तळलेली भजी नव्हे, हे बाहेरगावच्या माणसाला त्या दिवशीच कळतं. तूर, वाल, हरभरा, वाटाणा, पालेभाज्या असं रानातलं सगळं ओलं एका पातेल्यात शिजलेलं असतं.

येळवस मात्र त्या घराची असते. कार्यालयाने ती ताब्यात घेऊ नये. अख्खा विभाग एकाच खोपीवर उतरला तर घरच्यांचा सण राहत नाही. त्यापेक्षा ज्यांच्या घरी येळवस आहे त्यांनी, मनापासून वाटत असेल तरच, आपलं नाव द्यावं. बाकीच्यांनी चौघा-पाचांच्या गटाने एकेका शेतावर जावं. कोकणातून, विदर्भातून, खानदेशातून बदलून आलेले, कुटुंब तिकडेच ठेवून इथे खोलीवर राहणारे जे असतात, त्यांची नावं पहिली घ्या. त्या दिवशी गावात चिटपाखरू नसतं, खाणावळही उघडी असेल याचा भरवसा नाही. असा माणूस एकटा खोलीवर बिस्किटं खात बसला असेल, तर त्याच्या कार्यालयातल्या लोकांना ते आधी सुचायला हवं होतं. जाताना घरातल्या मुलांसाठी काहीतरी न्या आणि जेवल्यावर भांडी उचलू लागा.

संक्रांतीचा बेत कार्यालयातच होतो आणि खर्चही फारसा नाही. आदल्या दिवशी भोगी. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी आणि सगळ्या शेंगभाज्यांची मिळून केलेली भोगीची भाजी. त्या दिवशी दुपारचे डबे एकत्र उघडा, एवढंच. संक्रांतीनंतर कामाच्या एखाद्या दिवशी तिळगूळ. तो विकत आणण्याऐवजी मधल्या सुट्टीत तिथेच लाडू वळा. भाजलेले तीळ आणि दाण्याचं कूट घरून आणा, गुळाचा पाक शेगडीवर करा. पाक गार व्हायच्या आत वळावे लागतात, म्हणून दहा हात एकदम लागतात आणि 'मला येत नाही' म्हणायला वेळच उरत नाही.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. कार्यालयात हळदीकुंकू ठेवलं की विधवा सहकारी त्या अर्ध्या तासात फाईल घेऊन कुठेतरी निघून जाते. शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या आपल्या जिल्ह्यात अशा कितीतरी जणी अंगणवाडीत, आश्रमशाळेत, दवाखान्यात नोकरी करून घर चालवत आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि राज्य सरकारने इतर गावांनाही तोच आदर्श घ्यायला सांगितलं. एका ग्रामसभेला जे जमलं ते एका कार्यालयाला अवघड नाही. हळदीकुंकू करायचंच असेल तर पहिलं कुंकू आणि पहिलं वाण तिला द्या, अर्थात तिला आधी विचारून आणि तिची तयारी असेल तरच. त्याहून सोपं म्हणजे नुसता तिळगूळ ठेवा, बाई-पुरुष सगळ्यांसाठी. वाण म्हणून कढीपत्त्याचं किंवा तुळशीचं रोप पुरे.

कोण आत आणि कोण बाहेर, हा प्रश्न प्रत्येक बेताला विचारायला हवा. गेल्या काही वर्षांत आपल्या जिल्ह्यात आडनाव ऐकून माणसाशी कसं बोलायचं ते ठरू लागलं, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. बीडच्या पोलीस दलाने 2025 मध्ये त्यावर एक साधा उपाय केला. पोलीस अधीक्षक नवनीत कांवत यांनी अधिकारी आणि कर्मचाऱ्यांच्या टेबलांवर फक्त पहिलं नाव असलेल्या पाट्या ठेवायला लावल्या. हा उपाय उचलण्यासारखा आहे. सहलीच्या दिवशी सगळ्यांच्या छातीवर पहिल्या नावाची चिठ्ठी लावा, हुद्दा नाही, आडनाव नाही. वयाने मोठ्यांना दादा, मामा, ताई, मावशी म्हणायला कुणाची हरकत नसते.

तारखा ठरवताना सगळ्यांचं कॅलेंडर समोर ठेवा. 6 डिसेंबरला मेजवानी ठेवू नये, हे सांगायला लागू नये. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. 2028 मध्ये तो जानेवारीच्या अखेरीस सुरू होईल आणि 2029 मध्ये जानेवारीच्या मध्यालाच, म्हणजे ऐन हुरड्यात. तेव्हा आगटी संध्याकाळी पेटवा आणि रोजा सोडण्याच्या वेळी खजूर, फळं, पाणी तयार ठेवा. रोजा सुटल्यावर गरम हुरडा सगळ्यांनी मिळून खावा. ईदनंतर शिरखुर्म्याचा डबा कार्यालयात येतोच. तो चारच जणांच्या टेबलावर न फिरता सगळ्यांपर्यंत जाईल एवढं पाहा.

सगळ्यांची सुट्टी एकाच वेळी नसते, हेही लक्षात घ्या. राज्य सरकारी कार्यालयांना 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, शाळांना नाही, आणि बँकांना दुसरा आणि चौथाच शनिवार. साखर कारखान्यातल्या लोकांना हुरड्याच्या दिवसांत मान वर करायला फुरसत नसते, गाळप जोरात असतं. त्यांचा बेत हंगाम बंद झाल्यावर, रंगपंचमीच्या आगेमागे किंवा त्यानंतर. एसटीवाल्यांना दिवाळी आणि यात्रा म्हणजे जादा गाड्या. त्यांचा खरा दिवस खंडेनवमी. गाड्या धुऊन झेंडूच्या माळा चढवल्या जातात, आणि त्यात चालक, वाहक, कार्यशाळेतले मेकॅनिक एकत्र असतात. घरच्यांनाही त्या दिवशी आगारात बोलवा. ज्या जागी आपला माणूस आयुष्य घालवतो ती जागा मुलांनी पाहिलेलीच नसते. दवाखान्यात बेत नेहमी दोन तुकड्यांत करावा. एकीने जेवायचं तेव्हा दुसरीने वॉर्ड सांभाळायचा, आणि पुढच्या दिवशी उलट.

रंगपंचमीला कोरडा रंग पुरे. मार्चमध्ये आपल्याकडे टँकरची भाषा सुरू झालेली असते. ज्याला रंग नको त्याला नको. केज तालुक्यातल्या विडा गावात धुळवडीला जावयाला गाढवावर बसवून मिरवतात आणि मग आहेर करून मान देतात. गावाच्या नात्यात ती थट्टा शोभते. कार्यालयात एकाच माणसाची अशी मजा घेऊ नये, विशेषतः तो कनिष्ठ असेल तर, कारण त्याला नाही म्हणता येत नाही.

आषाढी वारीच्या दिवसांत मुक्ताबाईंची पालखी बीडहून आणि शेगावच्या गजानन महाराजांची पालखी परळी-अंबाजोगाईहून जाते. दोन-तीन तास पाणी वाटण्याची, पाय चेपण्याची किंवा प्रथमोपचाराची सेवा सगळ्यांनी मिळून करावी. नंतर पाऊस लागला की कपिलधार आणि पाटोदा तालुक्यातला सौताड्याचा धबधबा. इथे मात्र कडक राहा. धबधब्याच्या डोहात कुणी उतरायचं नाही, शेवाळलेल्या कड्यावर फोटोसाठी जायचं नाही, आणि जोराचा पाऊस असेल तर बेत रद्द.

17 सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं ध्वजवंदन झालं की सगळे पांगतात. अंबाजोगाईच्या लोकांनी त्या दिवशी योगेश्वरी विद्यालयापर्यंत पायी जाऊन यावं, स्वामी रामानंद तीर्थ तिथे शिक्षक होते. पुढे बालाघाटात सीताफळांचा हंगाम लागतो. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. पाटीभर फळं आणून गर काढा आणि दुधात घालून बासुंदी करा. बिया काढण्याचं काम इतकं सावकाश चालतं की तोवर पोटभर बोलणं होतं. दिवाळीचा फराळ सुट्टीनंतरच्या पहिल्या कामाच्या दिवशी एकत्र मांडावा, कुणाचा डबा कुठला ते न सांगता.

आणि 31 मे. जुन्या काळी शाळेत घालताना गुरुजींनी सर्रास 1 जून ही जन्मतारीख लावली, म्हणून आजही 31 मेला एकेका कार्यालयातून दोन-दोन, तीन-तीन माणसं निवृत्त होतात. त्यांचा निरोप हार-तुऱ्यांच्या रांगेत उरकू नका. आठवडाभर आधी, सकाळी ऊन चढण्याआधी, त्यांच्या आवडीच्या जागी जा आणि त्यांना बोलू द्या. जुन्या फायली कुठे आहेत हेही तेव्हाच विचारून घ्या.

वर्गणीचं शेवटी सांगतो, कारण भांडणं तिथेच होतात. सगळ्यांकडून सारखी रक्कम घेऊ नका. पगाराप्रमाणे तीन टप्पे करा, आणि कंत्राटी, मानधनावरची, रोजंदारीवरची माणसं वर्गणीतून पूर्ण वगळा. त्यांच्याकडे चटणी किंवा पाखडण्याचं काम असतंच. कुणी किती दिले याची यादी ग्रुपवर टाकू नका, फक्त एकूण जमा आणि खर्च टाका. हिशोब दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत झाला पाहिजे, आणि तो ठेवायला दरवेळी नवा माणूस.